‘ठकवू नको’

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी समृद्धी महामार्गाच्या मोबदल्यावर लिहिलं होतं. पैसा आला आणि गावं बिघडली, भावाभावांत वितुष्ट आलं, बुलेटी आल्या, धाबे आले, असा एकूण सूर. त्यातलं पुष्कळसं खरं आहे. शेवटी जाता जाता त्यांनी आम्हालाही एक चिमटा काढला होता. धनवान देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं ज्यांच्या येशूनं सांगून ठेवलंय, ते ख्रिस्ती लोकही चेक घ्यायला रांगेत उभे होतेच, असं ते म्हणाले.

होते. त्यात मीही होतो. चेक नव्हता, पैसे सरळ खात्यात आले, एवढीच दुरुस्ती. त्यांना उत्तर द्यावं म्हणून हे पत्र लिहीत नाही. त्यांनी ज्या ठिकाणी बोट ठेवलं, तिथं माझं आधीपासूनच दुखत होतं. पत्र लांबणार आहे. कात्री लावली तरी हरकत नाही, फक्त बहिणीचा भाग कापू नये.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातला, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. वय 68. माझे आजोबा 1899-1900 च्या दुष्काळात पोरके झाले, मिशनच्या अनाथाश्रमात वाढले आणि तिथंच सुतारकी शिकले. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी पगारातून पै-पै बाजूला टाकून 1964 साली सहा एकर वावर घेतलं. काळी जमीन, पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल तिथंच राहते अशी. आजोबांच्या नावावर आयुष्यात एक रंधा आणि दोन पटाश्या होत्या, त्यामुळं वडिलांना त्या सातबाऱ्याचं फार. तो ते बायबलात ठेवत. कोणत्या पानात ठेवत हे मला आठवत नाही, आठवलं असतं तर या पत्राला शोभलं असतं.

महामार्ग 701 किलोमीटरचा आणि 120 मीटर रुंद पट्ट्याचा. आमच्या वावरातून तो तिरपा गेला आणि 0.94 हेक्टर घेऊन गेला, म्हणजे सव्वादोन एकरांहून थोडं जास्त. उरलेलं पावणेचार एकर सगळं एकाच अंगाला राहिलं, हे नशीब. शेजाऱ्याचं दोन्हीकडं झालं. आता त्याला पलीकडच्या धुऱ्यावर वखर न्यायचा तर अंडरपास गाठून मोठा वळसा घालावा लागतो, आणि वरून गाड्या 120 च्या वेगानं जातात तेव्हा त्याचे बैल अजूनही कान टवकारतात. आमची खरेदी 2017 ला झाली, थेट खरेदी. रक्कम लिहीत नाही. गावाला ती माझ्याआधी माहीत होती.

आता उंटाकडं येतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायात ही गोष्ट आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतही ती आहे. येशू वाटेला लागणार इतक्यात एक माणूस धावत येतो, गुडघे टेकतो आणि विचारतो की उत्तम गुरुजी, सार्वकालिक जीवन हे वतन मिळावं म्हणून मी काय करू? तो तरुण होता हे मत्तय सांगतो, अधिकारी होता हे लूक सांगतो, आणि तो धावत आला हे फक्त मार्क. येशू त्याला आज्ञा मोजून दाखवतो. तो म्हणतो, या मी लहानपणापासून पाळल्या आहेत. मग येशू त्याच्याकडं न्याहाळून पाहतो, त्याच्यावर त्याची प्रीती बसते (हेही एकटा मार्कच सांगतो), आणि तो म्हणतो की तुझ्यात एका गोष्टीची उणीव आहे. जा, तुझं असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे, मग चल माझ्यामागं. माणसाचं तोंड उतरतं. तो निघून जातो, कारण त्याच्याकडं पुष्कळ मालमत्ता होती. त्यानंतर उंट आणि सुई.

या उताऱ्यावर मी लहानपणापासून किती प्रवचनं ऐकली असतील याची गणती नाही. बहुतेकांचा सगळा जोर उंटाला बारीक करण्यावर असतो. कोणी सांगतं, यरुशलेमेत ‘सुईचं नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता. ओझं उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जायचा, म्हणून श्रीमंतानं जरा वाकावं, नम्र व्हावं, म्हणजे झालं. त्या काळी असा दरवाजा होता याला काडीचा पुरावा नाही, पण पाहुणे वक्ते आले की दरवाजा उघडतोच. दुसरे सांगतात, ग्रीक भाषेत उंट आणि जाड दोर या शब्दांत एका अक्षराचा फरक, तेव्हा मुळात दोरच असेल. असेना. पोत्याचं तोंड शिवायला दाभणात सुतळी ओवताना माझी आई तीनदा थुंकी लावायची, तिथं नावेचा दोर कुठून जाणार? बाबिलोनच्या यहुदी पंडितांत तर अशक्य गोष्टीला हत्ती सुईच्या नाकातून जाणं म्हणत. ज्यांनी येशूचं ते बोलणं ऐकलं त्यांना कळलं असणार की माणूस अशक्य म्हणतोय. शिष्यांनाही कळलं. म्हणून तर ते हबकून म्हणाले, मग तरेल तरी कोण?

हल्ली मोबाइलवरचे प्रचारक आणखी पुढं गेलेत. ते त्याच अध्यायातलं पुढचं वचन काढतात, की ज्यानं सोडलं त्याला शंभरपट मिळेल. बीज पेरा म्हणतात, म्हणजे त्यांच्या खात्यात पैसे टाका. त्या वचनात ‘छळणुकीबरोबर’ असाही एक शब्द आहे, तो पडद्यावर कधी येत नाही. आमच्या कास्तकारांना हे लवकर पटतं याचं मला नवल वाटत नाही. बियाण्याच्या पाकिटावरही पऱ्हाटीला बोंडंच बोंडं लगडलेली असतात.

असो. मी त्या प्रचारकांतला नव्हतो. मी दुसऱ्या जातीचा होतो. दारूला शिवलो नाही, शाळेच्या खिचडीचा मूठभर तांदूळ घरी आणला नाही, 19 वर्षं आमच्या 22 घरांच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे आणि हिशेबात कधी दहा रुपयांचा घोळ नाही. मोबदला आला त्याच आठवड्यात त्याचा दशांश काढून मंडळीला दिला. देवळावर टिनाचे पत्रे होते, पावसात पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, आवाज ऐकू यायचा नाही. तिथं स्लॅब पडला. दाराजवळ काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली : वडिलांचं नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’, आणि खाली ‘मुलगा’ म्हणून माझं नाव.

अर्पणविधीच्या दिवशी माझी मोठी बहीण आली होती. मी तिला बाई म्हणतो, ती मला बापू. ती धामणगावकडं दिलेली, नवरा बारा वर्षांपूर्वी वारला, एक मुलगा ट्रकवर आहे. दिवाळीनंतर ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते. उपासना सुटल्यावर सगळे जेवायला मागच्या मांडवात गेले, तरी ती पाटीपाशीच उभी. पदरानं पाटीवरची धूळ पुसली. मग वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं, अक्षर लावून वाचतात तसं. वेचणीनं तिच्या नखांच्या कडा फाटलेल्या होत्या आणि एका बोटाला चिंधी होती. बोट खाली ‘मुलगा’पर्यंत आलं, तिथून माझ्या नावावर गेलं, आणि मग पाटीची खालची कड आली.

‘अक्षर चांगलं काढलं रे,’ ती म्हणाली आणि जेवायला गेली.

तेव्हा मला काही वाटलं नाही. आज लिहिताना वाटतंय, त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी वाढप्याला मठ्ठा कमी पडतोय हे सांगायला धावत होतो.

आमचे पाळकसाहेब जिल्ह्याच्या सभेला गेले की रविवारचा शास्त्रपाठ माझ्याकडं असतो. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात असंच झालं आणि पाठ निघाला मार्क दहावा. मी तोंडपाठ असल्यासारखा वाचत होतो : खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, ठकवू नको, आपल्या बापाचा व आईचा सन्मान कर. ‘ठकवू नको’वर माझी जीभ अडली. चाळीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेतलेल्या माणसाला मधला एक आकडा जास्तीचा आला की लगेच कळतं. दहा आज्ञांत ही आज्ञा नाही. घरी येऊन मत्तय काढला, लूक काढला. त्यांच्या यादीत ती नाही. मार्कात येशू त्या श्रीमंत माणसासमोर दहा आज्ञांतल्या आज्ञा म्हणता म्हणता त्यात एक आपली घालतो. आमच्या पाळकांना विचारलं तेव्हा त्यांनी पुस्तकं चाळून सांगितलं की मूळ शब्द नुसत्या फसवणुकीचा नाही. दुसऱ्याच्या हक्काचं दाबून ठेवणं, मजुराची मजुरी अडवणं, यालाही तो चालतो. हिसकावलं ते चोरीत आलंच. हा शब्द जे आपल्याकडं राहून गेलं त्याच्यासाठी आहे.

आणि त्या तरुणानं काय मागितलं होतं? वतन. आमच्या जुन्या भाषांतरकारांनी हा शब्द कुठून उचलला हे वऱ्हाडात सांगायला नको. पाटील-देशमुखांच्या दप्तरातला शब्द आहे. वतन कमवत नाहीत, वतनात माणूस जन्माला येतो. मग ‘मी काय करू’ हा प्रश्नच बेढब. एवढी मालमत्ता असलेल्या त्या पोरालाही ती बहुतेक बापाकडूनच आली असणार. त्याच्या घरात बहिणी होत्या का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता माझ्या पेटीतला कागद.

वडील 1987 ला वारले, मृत्युपत्र न करता. 1988 साली फेरफाराच्या वेळी बाईनं हक्कसोड लिहून दिलं. आई म्हणाली, लेकीनं माहेरात वाटा मागितला की माहेर तुटते. बाई काही बोलली नाही. मी आर्वीहून तिला एक हिरवी साडी आणि चोळीचा खण आणून दिला आणि आमच्या मनात तो व्यवहार चुकता झाला. शेजारपाजारी असंच होतं. आम्ही ख्रिस्ती झालो, लग्नात अक्षता गेल्या, अंगठी आली, पण हक्कसोडीची साडी होती तिथंच राहिली.

2017 ला खरेदीसाठी जुने कागद मागितले म्हणून मी ती पेटी उघडली. हक्कसोडीच्या कागदावर खाली बाईची सही. वडिलांनी तिला चौथीपर्यंत शिकवलं होतं, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. तिनं आधी स्वतःचं नाव लिहून त्यापुढं वडिलांचं नाव लिहिलं होतं. मग ते एका आडव्या रेघेनं खोडलं होतं आणि वर बारीक अक्षरात नवऱ्याचं नाव. कुणीतरी म्हणालं असेल, अहो सासरचं नाव लिहा. मीच म्हणालो असेन. मी तिथं शेजारीच उभा होतो. ती रेघ मी 2017 ला पाहिली, झेरॉक्स काढली, फाइलला लावली आणि मोबदल्याच्या अर्जावर एकट्याची सही केली.

कायद्यानं मी कुठंही चुकलेलो नाही. उलट कायद्याचीच एक गंमत सांगतो, कारण आमच्याच लोकांना ती ठाऊक नसते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 प्रमाणं ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी सारखे. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला मिळाला. बाईचा हक्क तिच्या जन्माआधीपासून छापून तयार होता. तो तिला कुणी वाचून दाखवला नाही. घरात वाचता येणारा मी होतो.

हे कळूनही मी वर्षभर काही केलं नाही. त्या वर्षभरात मी काय केलं हे प्रामाणिकपणे सांगतो : मी आधार शोधत होतो. एकदा जक्कय सापडला. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदारांचा मुखिया, झाडावर चढणारा. तो म्हणतो, अर्धं द्रव्य दरिद्र्यांना देतो आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो, आणि येशू म्हणतो की आज या घराला तारण झालं. अर्धंच! मला हायसं वाटलं. मग चौपटीकडं लक्ष गेलं. सरकारनं चौपट-पाचपट दिलं म्हणून आम्ही पेढे वाटले होते, तीच पट आता दुसऱ्या बाजूनं मोजायची होती.

एकदा लूकचा बारावा अध्याय सापडला. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की वतनाचा माझा वाटा मला दे. येशू म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? हे वचन आमच्यात बहिणींना गप्प करायला फार कामी येतं, कोर्टकचेरी नको म्हणून. पण येशू लगेच पुढं गोष्ट सांगतो ती कोठारं पाडून मोठी कोठारं बांधणाऱ्या शेतकऱ्याची, ज्याला त्याच रात्री बोलावणं येतं. आणि माझ्या बहिणीनं तर काही मागितलंही नव्हतं.

मग संत अँथनी. इजिप्तमधला, साधारण 270 सालचा. आईबाप वारलेले, घरची तीनशे अरुरा सुपीक जमीन, म्हणजे आपल्या दोनशे एकरांच्या आसपास. एकदा तो देवळात शिरला तेव्हा हाच पाठ चालू होता, मत्तयातला : जा, असेल नसेल ते विक. तो तसाच बाहेर पडला आणि सगळी जमीन गावाला देऊन टाकली. घरातलं सामान विकून गरिबांना वाटलं, धाकट्या बहिणीसाठी थोडं ठेवलं. पुढं ‘उद्याची चिंता करू नका’ हे ऐकलं आणि तेही वाटलं. बहिणीला धार्मिक कुमारिकांच्या घरी ठेवलं आणि स्वतः तपाला गेला. ख्रिस्ती संन्यासाच्या इतिहासात हा माणूस फार मोठा, मी त्याच्या पायाच्या धुळीलाही लागणार नाही. तरी वाचताना मनात आलंच, की बहिणीची सही घेतली होती का? ते वतन निम्मं तिचंही असेल. मी निम्मं ठेवून घेतलं, त्यानं निम्मं दान केलं. विचारलं दोघांनीही नाही.

बायबलातल्या गणनेच्या पुस्तकात, सत्ताविसाव्या अध्यायात, मात्र विचारणाऱ्या आहेत. सलाफहादच्या पाच मुली : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप वाळवंटात मेला, भाऊ नाही. त्या लोकांचा पुढारी मोशे याच्यापुढं आणि सगळ्या सरदारांपुढं जाऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, आम्हाला बापाच्या भाऊबंदांत वतन दे. मोशेला निर्णय देता येत नाही. तो प्रकरण वर पाठवतो, आणि वरून निकाल येतो की मुली म्हणतात ते बरोबर आहे. त्यांना भाऊ असता तर निकाल वेगळा लागला असता हे मला कळतं. पण अडतीस वर्षं दर वर्षी बायबल सुरुवातीपासून वाचतो असं सांगत फिरणाऱ्या मला या पाच नावांवरून नीट थांबता आलं नव्हतं. लांबलचक वंशावळीत ती येतात, आणि तिथं आपण पानं पुढं ढकलतो.

या सगळ्यात घरचं काय म्हणणं होतं, तर मुलगा पुण्याला आहे, त्याच्या फ्लॅटला मोबदल्यातला मोठा भाग गेलाय. तो म्हणाला, बाबा, आत्यानं लिहून दिलंय, आता तिचा काय संबंध? बायको म्हणाली, ‘द्या नं बाप्पा एकदाचे. रोज रातच्याले उठून बसता, मलेही झोप नाही.’

म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी धामणगावला गेलो. खिशात पाच लाखांच्या ठेवीची पावती होती, बाईच्या नावानं केलेली. पाचच का, तर बाकीचे घरात आणि फ्लॅटमध्ये गेलेले. ते विकून दे असं येशू म्हणाला असता, मी पाचावर आलो होतो. बाई नुकती वावरातून आली होती. ओट्यावर ओटीतला कापूस पसरून त्यातला पाचोळा काढत होती. मी पावती पुढं केली. तिनं हात पदराला पुसले, पावती उजेडात धरून वाचली, आकडा दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिली.

‘पैसे नको बापू. पैसे पोरगा ट्रकच्या हप्त्यात घालन. तुही गलती नाही.’

मी म्हटलं, गलती आहे.

ती बराच वेळ कापूसच निवडत राहिली. मग म्हणाली, ‘वावर राह्यलं हाय नं पावणेचार एकर? त्यात माहं नाव लाव. अर्ध्यात. तुले जमत नसन तं राहू दे, च्या पिऊन जा.’

मी चहा पिऊन आलो. धामणगाव ते आमचं गाव, मधे वर्धा नदी ओलांडायची. बस पुलावर आली तेव्हा मला जाणवलं की माझं तोंड उतरलंय. पैसे द्यायला गेलो तेव्हा असं झालं नव्हतं. पाच लाख सुटत होते. सातबाऱ्यावरचं नाव सुटत नव्हतं, तेही निम्मं. आमच्याकडं म्हणतात तसं, हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. त्या तरुणाला लोक लोभी म्हणतात. मला आता तसं वाटत नाही. त्याला पैशापेक्षा तो कोण आहे याची भीती वाटली असेल. वावर गेलं की मी गावात कोण? मास्तर होतो, निवृत्त झालो. कास्तकार आहे, तेही निम्माच?

तुमचे पत्रलेखक उंटावर थांबले. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की उंटाच्या जागी उभं राहून पाहिलं तर सुई सगळ्यांत जास्त तिथं टोचते जिथं आपण बघतच नाही. आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही. पुढं सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी 22 डिसेंबर 1916 ला अलाहाबादच्या म्यूर कॉलेजात अर्थशास्त्र मंडळापुढं भाषण केलं. आर्थिक प्रगती आणि खरी प्रगती यांचा विरोध येतो का, हा विषय. त्यात त्यांनी मार्काचा हाच उतारा वाचून दाखवला. आकडेवारी ऐकायला आलेल्या मंडळींना उंट ऐकावा लागला. आता सेवाग्रामच्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या रस्त्याचं नाव समृद्धी आहे. नावाला माझी हरकत नाही, नागपूरला दवाखान्यात जायला मला तोच बरा पडतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, ती छापलीत तर कुणाच्या कामी पडेल. बाईला जमीन द्यायची तर बक्षीसपत्र करावं लागतं. महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं, वारलेल्या मुलाची बायको यांना शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये आहे. त्या यादीत बहीण नाही. तिच्यासाठी जमिनीच्या किमतीवर टक्केवारीनं भरायचं. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी एका साडीत जे माझ्याकडं आलं ते परत करताना सरकारलाही वाटा द्यायचा. मी भरणार आहे, माझी तक्रार नाही. पण बहिणीचं नाव त्या यादीत घालावं, अशी मागणी आपण आपल्या दैनिकातून लावून धरावी. हक्कसोड घेतलेले भाऊ गावोगावी आहेत. त्यांतल्या शंभरात एकाला जरी परत द्यावंसं वाटलं, तर निदान मुद्रांकाचं निमित्त त्याला मिळू नये. मला मिळालं होतं, दोन महिने मी त्याच्यावर काढले.

मुलगा अजून नाराज आहे. फोन करतो, आईशी बोलतो, फोन माझ्याकडं द्यायला सांगत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळीत साक्ष द्याल का? मी नाही म्हटलं. साक्ष द्यायला उभा राहिलो की मला टाळ्या पडतात, आणि पाटीवर अजून ‘मुलगा’ एवढंच आहे. ग्रॅनाइटवर पुढं अक्षर वाढवता येतं का हे कारागिराला विचारलं. तो म्हणाला, जागा नाही, पाटीच नवी करावी लागेल.

येत्या मंगळवारी आर्वीला दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं आहे. बाई सकाळच्या बसनं येईल. परवा फोनवर तिला सांगितलं की आधार कार्ड आण, दोन फोटो आण, आणि बक्षीस स्वीकारलं म्हणून तुलाही सही करावी लागते.

ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘सही कोन्त्या नावानं करू रे?’

मी म्हटलं, विचारून सांगतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा
(बहिणीला विचारल्याशिवाय नाव छापू नये, ही विनंती.)